संशयावर वाढलेली बालवाडी

शालन गेल्याचं तिच्या भाचीनं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "डॉक्टरांनी नीट पाहिलं का?" भाची म्हणाली, "विमलमावशी, तुम्ही हेच विचाराल, असं आत्या म्हणायची." तेव्हा मला पटलं. माझी अशी थट्टा माझ्या पाठीमागे करणारी या गावात एकच बाई होती आणि तिच्याबद्दल भूतकाळात बोललं जात होतं...

आठवड्याभरानं एका सकाळी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका सभागृहात शोकसभा झाली. हार घातलेला फोटो, पुढे उदबत्ती आणि एकामागून एक वक्ते. शिरोलीला कारखाना असलेले एक गृहस्थ माइक धरून म्हणाले, "मी आज जो काही आहे तो बाईंमुळे. त्यांनीच मला अक्षरओळख करून दिली." लोकांनी माना डोलावल्या. मी मात्र खुर्चीत ताठ झाले. शालननं आयुष्यात कुणाला बाराखडीतलं एक अक्षर शिकवलं नव्हतं. त्याच एका गोष्टीसाठी ती सगळ्या पेठेशी भांडली होती आणि या गृहस्थांच्या आईनं नेमक्या त्याच कारणावरून त्यांना बालवाडीतून काढून नेलं होतं. शोकसभेत थोडं खोटं चालतं, हे मला मान्य आहे. पण अशी आणखी दोन-चार भाषणं झाली, की खरी शालन कुणालाच ओळखू येणार नाही, अशी मला शंका आली. म्हणून हे लिहिते आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आलं, तरी ते आहे, माझ्या नातवंडांनो, ऋता आणि अनय, तुमच्यासाठी. मराठी जड गेलं तर बाबांकडून वाचून घ्या. त्यांनाही यातलं अर्धंच माहीत आहे.

शालन आणि मी कॉलेजात एका बाकावर बसायचो. दोघींचा विषय इंग्रजी, आणि गुण तिला जास्त. पुढे बी.टी. करून मी मुलींच्या हायस्कूलमध्ये लागले. ती प्राध्यापक होणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. ती गेली बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करायला आणि परत आली ती लाकडी ठोकळे, रंगीत मणी आणि छोट्या छोट्या तांब्यांची ट्रंक घेऊन. साठीचं दशक निम्म्यावर आलं होतं. एवढी शिकलेली मुलगी तीन वर्षांच्या पोरांची नाकं पुसायला जाते, म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय, असं तिच्या वडिलांना वाटलं. मलाही वाटलं. लग्न फिसकटलं असेल, कुणी डोक्यात भलतं भरवलं असेल... मी तिला सरळ विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "तुझ्या आठवीच्या मुली तोंड उघडायला घाबरतात, अशी तक्रार तूच करतेस ना रोज? ती भीती आत शिरायच्या आधी मला तिथं पोचायचंय." उत्तर चांगलं होतं. पण चांगली उत्तरं देणाऱ्यांवर माझा विश्वास लवकर बसत नाही.

जागा मिळाली ती तालमीत. तुम्ही तालीम पाहिलेली नाही. आमच्याकडे पेठेपेठेत कुस्तीची तालीम असते. आत तांबड्या मातीचा हौद, मारुतीची मूर्ती, पहाटे आणि संध्याकाळी मेहनत करणारे पैलवान. मधल्या वेळात सगळं रिकामं. बापू वस्ताद नावाचे एक आडदांड गृहस्थ तिथले प्रमुख होते. त्यांनी बाहेरची मोठी खोली दिली, पण अट घातली. "हौदात पाय ठेवायचा न्हाय, बाई. बायकांनी तर न्हायच. बाकी काय गोंधळ घालायचा त्यो घाला."

गोंधळच होता तो. मुलं मणी ओवत. एका तांब्यातलं पाणी दुसऱ्यात ओतत, सांडत, पुसत. चिंचोके, घेवडा आणि शेंगा एकत्र करून ठेवलेल्या असत, त्या वेगवेगळ्या वाट्यांत निवडत. पाटी नाही, पेन्सिल नाही. पेठेतल्या आयांना हे काही सरळ दिसेना. तालमीसमोर राहणारी अक्काताई मला रस्त्यात अडवून म्हणाली, "तुमची मैत्रीण शेंगा निवडून घेतीया पोरांकडनं. बाजारात कुणाला घालतीया ते तेवढं इचारा की!" मी म्हटलं, "मूठभर शेंगांचा काय व्यापार होणार?" तर म्हणाली, "मूठ मूठच साठतीया, मास्तरीणबाई."

अशा ठिकाणी मी तुमच्या बाबांना घातलं, कारण सोपं होतं. अकराला मला शाळेत जावं लागे, आणि साडेतीन वर्षांच्या सुधीरमागे धावणं माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपत नसे. सासूबाई म्हणजे तुमच्या पणजी. त्यांचा संशय माझ्यापेक्षा वरच्या दर्जाचा होता. गवळ्यानं धार काढताना त्या म्हशीच्या शेजारी उभ्या राहत आणि त्याच्या बाह्या वर करून घेत. "तालमीत घालतेस? पैलवान करायचाय की काय त्याला?" असं त्यांनी विचारलं, पण पर्याय त्यांच्याकडेही नव्हता.

शाळेत जाता जाता मी तालमीच्या खिडकीशी थांबून आत बघायची. सुधीर अंगावर पाणी ओतून घेतोय, आणि शालन सतरंजीवर हात बांधून बसली आहे. रोज तेच. मी एकदा चिडून विचारलं, "तू शिकवतेस तरी कधी?"

"आले का फौजदार?" ती म्हणाली. "आज त्यानं सांडलेलं स्वतः पुसलं. काल तू येऊन पुसशील म्हणून वाट बघत उभा राहिला होता."

"एवढ्यासाठी तू बी.ए. झालीस?"

"तू झालीस की आठवीला स्पेलिंग घोकायला लावण्यासाठी. मी कधी काही म्हटलं?"

खरी अडचण एका शब्दाची होती. मूल घरी गेलं की आई विचारी, "आज काय केलंस रं?" आणि मूल सांगे, "खेळलो." झालं! खेळायला रस्ता आहे की फुकटचा, त्यासाठी बाई कशाला पाहिजे? एकेक मूल गळायला लागलं. कारखानदार गृहस्थ गेले ते याच लाटेत. मग अचानक ही गळती थांबली. का थांबली, ते मला सुधीरकडून कळलं. घरी येऊन त्यानं पिशवी टाकली आणि आजीला सांगितलं, "दमलो. मेहनत केली."

कोल्हापुरात या शब्दाला काय वजन आहे, ते तुम्हाला परदेशात कसं सांगू? पैलवान तालमीत जे जोर मारतो, बैठका काढतो, माती उकरतो, त्याला इथं व्यायाम म्हणत नाहीत, मेहनत म्हणतात. मेहनत करणाऱ्याला कुणी हाक मारून उठवत नाही, कामाला लावत नाही. शालननं तो शब्द तालमीतून उचलला आणि मुलांच्या तोंडी घातला. मणी ओवणं ही बोटांची मेहनत, पाणी ओतणं ही मनगटाची. आयांचे चेहरे बदलले. बापू वस्तादांना मात्र ते रुचलं नव्हतं. "आमचा शब्द नेला बाईनं, न इचारता," असं ते माझ्यापाशी कुरकुरले. मलाही ही लबाडी वाटली आणि मी तसं बोलले. शालन म्हणाली, "लबाडी कसली? मूल मन लावून मणी ओवताना कधी जवळून बघितलंयस? घाम येतो त्याला." मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जवळ जाऊन बघितलं. सुधीरच्या नाकावर घाम होता खरा. पण दिवस उन्हाळ्याचे होते.

पुढे जे झालं ते फक्त कोल्हापुरातच होऊ शकतं. मेहनत म्हटली की खुराक आलाच! पोरगं मेहनत करतंय, म्हणून आया दूध पाठवायला लागल्या. चरव्या, लोटे, झाकणाचे पेले. कुणी दोन बदाम भिजवून, कुणी केळं. अक्काताईनं अंडं पाठवलं आणि ते मारुतीसमोर चालत नाही, म्हणून वस्तादांनी परत पाठवलं. घरी ज्यांना दुधाचा थेंब चहापुरता दिसायचा, त्या मुलांच्या आयासुद्धा पोटाला चिमटा घेऊन अर्धा पेला पाठवू लागल्या. ज्यांना तेही जमेना, ती मुलं दुसऱ्याच्या पेल्याकडे बघत बसत. त्यात तानी होती. तिची आई हौसा रस्ते झाडायची. मुलगी सगळ्यांत छोटी, आणि वाट्यांत धान्य निवडण्यात सगळ्यांत चिवट.

शालननं एक मोठं पातेलं आणलं. आलेलं सगळं दूध त्यात ओतायचं, स्टोव्हवर तापवायचं आणि सगळ्यांना सारख्या वाट्या द्यायच्या.

चार दिवसांत पेठ पेटली. आमचं म्हशीचं घट्ट दूध कुणाच्या पोटात जातंय, हा एक प्रश्न. तो मोठ्यानं विचारला जाई. दुसरा प्रश्न हळू आवाजात. तानी त्याच पातेल्यातलं पिते... तिची जात कुणी विचारली नाही. ती विचारावी लागत नसे, आईच्या हातातल्या खराट्यावरून कळत असे. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "त्याच्या पेल्यावर नाव घालून देते. त्यातलंच त्याला मिळालं पाहिजे. नाहीतर सोमवारपासून तो जाणार नाही." अक्काताईनं तालमीच्या दारातच सुनावलं, "बाई, येक तर पातेलं न्हाय, न्हायतर आमची पोरं न्हाईत. सोमवारपतूर ठरवा." वस्तादही म्हणाले, पोरंच येणार नसतील, तर खोली तरुण पोरांना वजनं ठेवायला पाहिजे आहे.

मी शालनला समजावलं. वेगवेगळे पेले ठेव, तानीला तू तुझ्या पैशातून पाज. एवढी राबलीस, एका पातेल्यापायी सगळं घालवणार का? ती म्हणाली, "विमल, मी त्यांना अक्षरं शिकवत नाही. मग शिकवते तरी काय? एवढं एकच तर शिकवते. ते काढून टाकलं, तर अक्काताईचंच खरं... मी नुसत्या शेंगा निवडून घेते." आणि मग, जसं काही विशेष नाही अशा आवाजात, तिनं विचारलं, "तुझ्या सासूबाई दुधाबद्दल अजून काही म्हणाल्या का गं? पाण्याबिण्याबद्दल?" नाही म्हणाल्या, असं मी सांगितलं. तिनं नुसती मान हलवली.

दोन दिवसांत कट्ट्यावर, नळावर, देवळात एकच बोलणं... बालवाडीची बाई दुधात पाणी घालते! म्हशीची धार जिथं डोळ्यांसमोर काढून घेतात त्या गावात याहून मोठा आरोप नाही. कोण कुणाच्या पातेल्यातलं पितं, हा विषय बघता बघता मागे पडला. बाईला पकडायची, हाच विषय उरला. आणि पकडायची तर पोरं काढून कसं चालेल? दूध तर जायला पाहिजे! सोमवारी एकही मूल घरी राहिलं नाही. सासूबाई गुडघ्यांना तेल चोळून, पदर खोचून स्वतः तालमीत गेल्या. मी शाळेत निरोप पाठवून त्यांच्यामागे गेले, कारण माझा त्यांच्यावरही भरवसा नव्हता.

खिडकीत आयांची दाटी झाली होती. सासूबाईंनी शालनच्या हातातलं ओगराळं काढून घेतलं. "तू बाजूला हो. मी वाढते." शालन बाजूला झाली. फार पटकन झाली, असं मला तेव्हाही वाटलं. प्रत्येकीचं दूध सासूबाईंनी बोट बुडवून पाहिलं, पातेल्यात ओतलं, समोर उभं राहून तापवलं. मग वाढायला सुरुवात केली. सुधीरला पहिलं. मग एकेक. आणि तानीची वाटी पुढे आली.

सासूबाईंचा हात थांबला. ओगराळं पातेल्यात तसंच. तानी वाटी दोन्ही हातांत धरून वर बघत होती. मी शालनकडे पाहिलं. ती मुलांकडे बघत होती, सासूबाईंकडे नाही. तेवढ्यात खिडकीतून अक्काताईचा आवाज आला, "काकू, हात का आखडलाय? दूध घरला न्यायचंय व्हय? समद्यास्नी सारखं घाला, आमी बघतोय हितनं!"

अक्काताईला तानीची काळजी होती, असं समजू नका. तिला फक्त म्हातारी दूध वाचवते आहे, हा संशय होता. पण सासूबाईंचा चेहरा लाल झाला. आयुष्यभर दुसऱ्यांना पकडलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणी पकडत होतं. त्यांनी ओगराळं भरलं, हात उंच केला आणि वरून धार धरली. वाटीला स्पर्श न करता, पण काठोकाठ. तानीनं एका दमात संपवलं आणि दुधाच्या मिशीसकट हसली.

त्या दिवसापासून पातेलं सासूबाईंच्या ताब्यात गेलं. दुसऱ्या कुणावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि त्यांच्यावर अक्काताईचा नव्हता. म्हणून अक्काताई मोजायला यायची, आणि अक्काताईवर लक्ष ठेवायला आणखी दोघी. तानीच्या वाटीत कितीतरी दिवस दूध वरूनच पडायचं. ओगराळं कधी खाली आलं, ते मला माहीत नाही. मी रोज बघायला नव्हते. पण पुढे एकदा सकाळी सासूबाई घरातून तरातरा निघताना म्हणाल्या, "ती हौसाची पोर दोन दिवस खोकतेय. बाईनं काढा दिलाय की नाही, कोण जाणे. बघून येते." तोही संशयच होता. पण त्याची दिशा बदलली होती.

माझा स्वभाव चौकस आहे. गोष्टीचं मूळ सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही. पाण्याची आवई कुणी उठवली, याचा मी सावकाश माग काढला. सासूबाईंना अक्काताईनं सांगितलेलं. अक्काताईला वस्तादांनी. वस्तादांना विचारलं, तर ते मिशीवर हात फिरवत म्हणाले, "मी कुठं काय म्हणलं? बाईच मला म्हणाल्या, 'वस्ताद, मी दुधात पाणी घालते असं कोण म्हणतंय का? कानावर आलं तर सांगा.' म्हणून मी चार ठिकाणी इचारलं. माझा काय दोष?"

चार ठिकाणी बापू वस्तादांनी विचारलं म्हणजे सगळ्या पेठेत जाहीर झालं. हे शालनला माहीत नसेल? तिनं मलाही तोच प्रश्न विचारला होता, ते मला तेव्हा आठवलं. मी तिला जाऊन धरलं. ती म्हणाली, "मी फक्त विचारलं गं." आणि मण्यांच्या डब्याचं झाकण लावायला लागली.

नंतरची वर्षं थोडक्यात सांगते. सुधीर पहिलीत गेला तेव्हा त्याला एक अक्षर येत नव्हतं, आणि दिवाळीच्या आत तो वाचायला लागला. शालन म्हणायची, ही तिच्या मण्यांची करामत. माझ्या मते तो माझा मुलगा होता, म्हणून. हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. सत्तरच्या दशकात सरकारी योजना आल्या. एक अधिकारी बाई पाहणीला आल्या आणि त्यांनी विचारलं, तुमच्या केंद्रात लोकसहभाग कसा मिळवता? शालन म्हणाली, "आमच्याकडे सासवा आहेत." मग टाय लावलेल्या छोट्या मुलांच्या इंग्रजी शाळा निघाल्या, तीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती सुरू झाल्या, आणि पेठेतली बरीच मुलं तिकडे गेली. शालनकडे कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची मुलं यायला लागली. सासूबाई गेल्या, तेव्हा ओगराळं कुणाकडे द्यायचं, हा प्रश्न आला. शालननं ते हौसाला दिलं. का, असं मी विचारलं. "तिला कायम वाटत आलंय, की तिच्या पोरीला कमी मिळायचं," शालन म्हणाली. "तिच्याइतकं बारीक कोण बघेल?"

तिची माझी शेवटची भेट तिच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये झाली. ती खूप वाळली होती. चहा झाला, गुडघे-डोळे झाले. निघताना मी पुन्हा विचारलं, "शालन, आता तरी सांग. ती आवई तूच उठवलीस ना?" ती उशीला टेकून हसली. "तू अजून तेच धरून बसलीस?" मग म्हणाली, "सगळ्याजणी बघायला आल्या की नाही पण?" मी म्हटलं, हे उत्तर नव्हे. ती म्हणाली, "नाहीच."

शोकसभेहून परतताना मी रिक्षा तालमीकडे वळवली. तिथं अजून सकाळी अंगणवाडी भरते, असं ऐकलं होतं. ऐकलेल्यावर मी जात नाही. दार लोटलेलं होतं, आतून मुलांचा कलकल आवाज येत होता. मी जुन्या सवयीनं खिडकीशी गेले आणि चकित झाले. खिडकी माझ्या डोक्याच्याही वर होती. वयानं मी बुटकी झाले असेन, पण एवढी नक्कीच नाही. मग मी इथून रोज बघायची कशी? खाली पाहिलं, तर भिंतीला लागून एक लांबट घडीव दगड पक्का बसवलेला, मधोमध झिजून खोलगट झालेला. कधी लक्षच गेलं नव्हतं. पायाखालचं कोण बघतं...

तालमीच्या कट्ट्यावर बापू वस्तादांचा नातू बसला होता. आता तोच तालीम बघतो, त्याच्याही मिशा पिकल्यात. मी विचारलं, हा दगड कुणी घातला? "बाईंनी, पयल्याच वर्सी," तो म्हणाला. "माझा आज्जा म्हणायचा, बाईंनी गवंडी आणून बशिवला. आयांस्नी आत डोकावता यावं म्हणून."

"तुझ्या आजोबांना हे कुणी सांगितलं?"

"बाईंनीच की."

म्हणजे पुन्हा साक्षीला तीच! मी गजांना धरून सावकाश दगडावर चढले. आत अंधार होता, डोळे सरावायला वेळ लागला. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या कोपराला हात लावला. खांद्याला पिशवी अडकवलेली एक तरुण बाई होती. "आजी, जरा सरका की. माझं पोरगं कालपासनं हितं घातलंय. काय शिकवत्यात का नुसतंच बसवत्यात, बघू दे." मी सरकले. ती शेजारी चढली, गजाला नाक लावून आत बघत राहिली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचं कोन हाय आत?"

उत्तराची वाट न बघता ती पुन्हा आत बघायला लागली. दगडावर आम्ही दोघी नीट मावलो होतो. एकीला अडचण होत नव्हती, दुसरीचा तोल जात नव्हता. तेही शालननं गवंड्याला आधीच सांगून ठेवलं असणार, असा मला दाट संशय आहे.